पेठेचा फुटबॉल, खाचरातलं क्रिकेट

भाताची कापणी उरकली, भारे खळ्यावर गेले की शहापूर-मुरबाडकडे दुसरा हंगाम सुरू होतो. दोन-तीन खाचरांमधले बांध फोडायचे, धसकटं तासायची, मधोमध माती टाकून, पाणी मारून पट्टी चोपायची. मग किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत टेनिस क्रिकेटचे फलक झळकतात. अमुक चषक, तमुक प्रीमियर लीग. खेळाडूंचा लिलाव होतो, संघाला मालक असतो, सामना यूट्यूबवर दिसतो. या सगळ्या गजबजाटात फुटबॉल शोधावा लागतो. खरं तर देशातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक, रोव्हर्स चषक, आपल्या कसारा लोकलच्या दुसऱ्या टोकाला १८९१पासून भरत होती. खेळ दाराशी होता. मुरला मात्र तो घाटावर, कोल्हापुरात. असं का झालं, याचा हा शोध.

आधी मुंबई बघू. रोव्हर्स चषक सुरुवातीला गोऱ्या पलटणींचा होता. बेंगळुरू मुस्लिम्स या संघानं १९३७मध्ये तो पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणला. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं तो सोडला नाही. स्थानिक संघांसाठी १९०२मध्ये हार्वुड लीग सुरू झाली आणि १९११मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आली. कूपरेज, आझाद मैदान, क्रॉस मैदान ही त्या फुटबॉलची ठिकाणं आणि पावसाळा हा त्याचा हंगाम. स्वातंत्र्यानंतर संघ उभे केले ते कचेऱ्या आणि गिरण्यांनी: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे. मुलगा चांगला खेळला की नोकरी लागे, सकाळी सराव आणि दुपारी हजेरीपटावर सही. ही पद्धत दिसायला भक्कम होती, पण संघ मालकाचा होता, गल्लीचा नव्हता. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीनं संघच बंद केला. मुंबईत त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरल्याचं आठवत नाही. रोव्हर्स चषकही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबला.

गोव्यात संघ उभे करण्याचं काम चर्चनं केलं. फादर विल्यम लायन्स यांनी १८८३मध्ये शिवोलीत चेंडू आणला, असं तिथला इतिहास सांगतो. पुढे चर्चसमोरच्या मोकळ्या जागा आणि पाद्र्यांच्या शाळा यांच्या आधारानं गावागावात संघ झाले. साळगावकर, धेंपो ही मोठी घराणी पैसे घेऊन आली ती नंतर. धेंपोनं पुढे पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं.

कोल्हापूरच्या फुटबॉलमागे चर्चही नव्हतं आणि गिरणीमालकही नव्हता. तिथे तालीम होती. राजर्षी शाहूंनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यानं पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. तालीम म्हणजे नुसता हौद आणि लाल माती नव्हे. गणपती तिचा, शिवजयंती तिची, भांडणात मध्यस्थी तिची आणि वर्गणीची वहीही तिचीच. शाहूंचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांच्या आश्रयानं १९४०मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, स्थापन झाली. त्याच वर्षी राजाराम महाराज गेले, पण छत्रपती घराण्याचा हात संस्थेवर आजतागायत आहे. तालमीला चेंडू मिळाला आणि कुस्तीतली ईर्षा तशीच्या तशी फुटबॉलमध्ये उतरली.

संघांची नावंच वाचा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, ऋणमुक्तेश्वर, संध्यामठ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. यात प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे, पोलिसांचाही संघ आहे. बाहेरच्या माणसाला ही यादी उत्सव मंडळांची वाटेल आणि ते फारसं चूकही नाही. वरिष्ठ गटात सोळा संघ, खालच्या गटांतून वर येण्यासाठी चढाओढ. हिवाळ्याच्या तोंडाशी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते आणि पेठांत खरा ताप तेव्हाच चढतो. कोण कुठल्या संघात गेला, किती घेऊन गेला, यावर कट्ट्याकट्ट्यावर खल चालतो. आधी लीग आणि मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक बाद पद्धतीचे चषक.

सामन्याच्या दिवशी दुपारी छत्रपती शाहू स्टेडियमच्या वाटेवर मोटरसायकलींची रांग लागते. मागच्या सीटवरचा झेंडा सांभाळत उभा असतो. पायऱ्यांवर प्रत्येक पेठेची बसायची जागा ठरलेली, नवख्यानं चुकीच्या बाजूला बसू नये. हलगी कडाडते, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, गोल झाला की कागदाचे कपटे उडतात. याला कोल्हापुरी माणूस ‘नाद खुळा’ म्हणतो आणि त्यात कौतुकच जास्त असतं. या नादाची दुसरी बाजूही आहे. दगडफेक, हाणामाऱ्या, सामने थांबवणं, पोलीस बंदोबस्त, संघांवर कारवाई. ईर्षेनं खेळ जगवला हे खरं, पण तिच्यामुळेच घरातल्या बायका-मुलांना कित्येक वर्षं स्टेडियमची पायरी चढावीशी वाटली नसेल, हेही तितकंच खरं. तरी मुली थांबल्या नाहीत. एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ २०१८-१९च्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये उतरला.

ही लीग पूर्ण व्यावसायिक नाही आणि निव्वळ हौशीही राहिलेली नाही. खेळाडू कॉलेजात असतो किंवा कुठेतरी कामाला असतो, संध्याकाळी सराव करतो आणि हंगामाचं मानधन घेतो. पैसा येतो वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून, पुढाऱ्यांकडून. त्याच पैशातून आफ्रिकेतले खेळाडू आले. उंचेपुरे नायजेरियन तरुण तालमीच्या नावाची जर्सी घालून खेळू लागले आणि पेठेनं त्यांना आपलं म्हटलं. परदेशी खेळाडूंमुळे स्थानिक पोरांची जागा जाते, अशी तक्रार होते. ती मला पटते. सोळा संघांत दोन-दोन बाहेरचे घेतले तरी बत्तीस मुलं बाकावर बसतात. अकरा जणांत शिरायचं आणि बाहेरही नाव काढायचं, तर मुलाला लवकरच गाव सोडावं लागतं. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं तेच केलं. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून तो २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता.

त्याच विश्वचषकाचे काही सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ला राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ नावाचा मोठा सोहळा केला, राज्यभर शाळांना फुटबॉल वाटले, एका दिवशी लाखो मुलांना खेळवलं. एका दिवसानं काय होणार! चेंडूतली हवा गेली की पंप कुठून आणायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडची अडचण याहून जुनी आहे आणि ती पंचांगात आहे. मुंबईचा फुटबॉल पावसाळी आणि आपला पावसाळा आवणीचा. जून-जुलैत पायात चिखल असतो, पण तो खाचरातला. शालेय फुटबॉलची मोठी स्पर्धा म्हणजे १९६०पासूनचा सुब्रतो मुखर्जी चषक. त्याच्या खालच्या फेऱ्याही जुलै-ऑगस्टच्या आसपासच येतात. पाड्यावरचा पंधरा वर्षांचा पोरगा तेव्हा आईबरोबर मूठ लावत असतो. कोल्हापूरचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो म्हणून तिथे हा पेच आला नाही. दुसरी गोष्ट जमिनीची. फुटबॉलच्या नियमानं मैदान लांबीला किमान नव्वद मीटर हवं. माहुलीच्या किंवा माळशेजच्या पायथ्याशी एवढं सपाट रान मिळवायला किती बांध फोडावे लागतील, ते शेतकऱ्याला विचारा. टेनिस क्रिकेट दोन खाचरांत मावतं, उताराकडच्या सीमारेषेला चौकार सोपा जातो एवढंच.

आणि तालीम? कुस्ती आपल्याकडेही आहे, म्हसाच्या जत्रेला येणारी माणसं काही फक्त बैल बघायला येत नाहीत. पण वर्षभर उघडी राहणारी, पोरांना धरून ठेवणारी जागा म्हणून मला आश्रमशाळा दिसते. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय शहापूरलाच आहे. मुलं तिथे राहतात, आवारात मैदान असतं, आणि प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धा होतात त्या भात घरात आल्यानंतर. तिथे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं जोरात चालतं. डोंगर चढून शाळा गाठलेल्या या पोरांचा दम बघितला की मुंबईचे प्रशिक्षक त्यांच्यापर्यंत का पोचले नाहीत, याचं नवल वाटतं.

अकरा जणांचा हट्ट धरायचं कारण नाही. सात-सात जणांचा फुटबॉल दोन खाचरांत बसतो, गोलखांब बांबूचे चालतात आणि पट्टी चोपायची नसल्यानं तयारीही कमी लागते. टेनिस क्रिकेटच्या आयोजकांकडे मंडप आहे, समालोचक आहे, कॅमेरा आहे, मालकही आहेत. रविवारच्या उपांत्य फेरीआधीचा तासभर मैदान रिकामंच असतं. तो तास मागायला काय हरकत आहे?