पट्टा कशासाठी? पाणबुड्याचा हार्नेस आणि लाघवाचा विचार

(मुळशी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने पट्ट्यांवर आणि बकलांवर बोलायचं, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. शेवटी तुम्हीच ठरवा विषय तत्त्वज्ञानाचा होता की नाही.

आपण मुळशीत बसलो आहोत. १९२१ साली या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. लढा हरला आणि गावं पाण्याखाली गेली. त्यामुळे इथे बसून पाण्याखाली जाण्याच्या छंदाविषयी बोलताना जरा जपूनच बोलावं. दुसरी गोष्ट, याच तालुक्यात तैलबैलाची भिंत आहे. समोर बसलेल्यांत कडे चढणारे पुष्कळ दिसतात, म्हणजे हार्नेस हा शब्द तुम्हाला नवा नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

कड्यावर हार्नेसचं काम काय? माणूस सुटला तर त्याला धरणं. सगळा भार कंबर आणि मांड्यांवर घ्यायचा आणि माणसाला दोराशी बांधायचं. पाण्यात पडणं हा प्रकारच नाही. तिथे हार्नेस माणसाला कशाशी बांधत नाही, तो सामान माणसाशी बांधतो. सिलिंडर, दिवा, चाकू, हवा दाखवणारं मीटर हे सगळं हलू नये, लोंबू नये आणि हाताला मिळावं, इतकंच त्याचं काम. शब्द एक, काम उलटं.

याचा एक परिणाम बघा. गिर्यारोहकाची साधी कॅराबिनर, जिचं दार दाबलं की आत उघडतं, ती कड्यावर उपयोगाची वस्तू आहे. पाण्याखाली तीच घातक ठरते. एखादी सुटी दोरी किंवा कोळ्याचं जाळं त्या दाराला बाहेरून टेकलं, की दार आपोआप उघडतं, दोरी आत जाते, दार मिटतं. माणूस अडकला, आणि त्याला कळलंही नाही. म्हणून पाणबुडे तिला सरळ 'आत्मघातकी कडी' म्हणतात. ते बोल्ट स्नॅप वापरतात, ज्याचा खटका अंगठ्याने मुद्दाम मागे ओढावा लागतो. तेव्हा 'चांगली कडी कोणती' हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता टेक्निकल डायव्हिंग म्हणजे काय? तारकर्लीला जाऊन तुमच्यापैकी काहींनी स्कूबा केलं असेल. तिथे काही बिघडलं तर उपाय सोपा, वर या. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर धरतात. त्याहून खोल गेलात, किंवा गुहेत, बुडालेल्या जहाजाच्या आत शिरलात, तर लगेच वर येता येत नाही. डोक्यावर एकतर खडक असतो, नाहीतर शरीरात विरघळलेला वायू असतो. तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्यावर थांबावं लागतं. म्हणजे बिघाड जिथे झाला तिथेच, अंधारात, स्वतःच्या हाताने निस्तरायचा. अमेरिकेतला शेक एक्स्ली हा गुहांमधला थोर पाणबुड्या. त्याने १९७९ साली एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात गुहांमधले अपघात तपासून नियम काढले. या क्षेत्रातलं बरंचसं शहाणपण असं, माणसं गमावून आलेलं आहे.

त्या शहाणपणातून जो हार्नेस तयार झाला तो दिसायला अगदी गरीब. पाठीवर धातूची एक पत्रा-पाटी, तिला बॅकप्लेट म्हणतात. तिच्या खाचांतून ओवलेला सुमारे ५० मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा अखंड पट्टा. तो दोन्ही खांद्यांवरून येतो, काखेखालून मागे जातो आणि कंबरेला पुढे येतो. कंबरेला एकच धातूचं बक्कल. मांड्यांमधून येणारा एक पट्टा, सगळा साज डोक्याकडे सरकू नये म्हणून. छातीवर दोन डी-रिंगा, डाव्या कंबरेला एक, खालच्या पट्ट्यावर मागेपुढे एकेक. झालं. दुकानात याच्या शेजारी गाद्या, खिसे, झटपट सुटणारी प्लास्टिकची बकलं असलेले साज टांगलेले असतात, आणि नवशिक्याचा हात तिकडे जातो.

इथे आम्हाला आपले नैयायिक आठवतात. दोन उपपत्ती सारख्याच लागू पडत असतील तर ज्यात लाघव आहे ती घ्यावी, गौरव हा दोष, असं ते म्हणतात. लाघव म्हणजे नुसती काटकसर नव्हे. त्यांनी त्याचे तीन प्रकार केले: शरीरकृत, उपस्थितिकृत आणि संबंधकृत. हे तिन्ही आपण पट्ट्याला लावून बघू.

शरीरकृत लाघव म्हणजे घटक कमी. अखंड पट्ट्यात तुटण्याजोगं फार थोडं आहे. खांद्यावर एक प्लास्टिकचं बक्कल घातलंत, की तिथे बिघाडाची एक नवी जागा तयार केलीत. होडीत चढताना त्यावर पाय पडू शकतो, आणि तडकलेलं बक्कल सुटतं ते खाली, वर नाही.

उपस्थितिकृत लाघव म्हणजे गोष्ट मनात चटकन उभी राहणं. डी-रिंगेची जागा ठरलेली असली की हात तिकडे विचार न करता जातो. हात सहज वर घेतला की अंगठा जिथे लागतो, साधारण काखेच्या पातळीवर, तिथे छातीची डी-रिंग असावी. प्रत्येक डी-रिंगेला दोन्ही हात पोचायला हवेत. दहा जागी दहा कड्या लावल्या, की अडचणीच्या वेळी शोधाशोध आलीच. आणि तुमच्या जोडीदारालाही तुमचा साज न बघता उमगला पाहिजे, हेही उपस्थितीतच आलं.

संबंधकृत लाघव म्हणजे जोडणी सरळ असणं. इथला नियम फार मार्मिक आहे: धातू धातूला कायमचा बांधू नये. मीटर किंवा दिवा बोल्ट स्नॅपला जोडताना मध्ये दोरी असावी. का? खटका गंजून, वाळू जाऊन अडकला तर दोरी चाकूने कापता येते, धातू कापता येत नाही. जोडतानाच सोडवायची वाट ठेवलेली असते.

आता फेरफार. पहिली गोष्ट, घाई करू नका. नवा पट्टा ताठ असतो, वापरून मऊ पडतो, आणि भिजल्यावर वेगळा बसतो. उरलेलं टोक पहिल्याच दिवशी कापू नका, चार-सहा बुड्या होऊ द्या. कापल्यावर कड मेणबत्तीवर धरून वितळवा, म्हणजे धागे सुटत नाहीत. खांद्याचा पट्टा सैलसर हवा, खालून हात आरामात सरकला पाहिजे. घट्ट म्हणजे सुरक्षित, हा कड्यावरचा संस्कार इथे सोडावा लागतो. दिव्याची वायर, सुटी टोकं आवरायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले रबरी पट्टे पुरतात.

पाटी स्टीलची की ॲल्युमिनियमची? स्टीलची साधारण अडीच ते तीन किलो, ॲल्युमिनियमची किलोच्या आत. इथे हिशेब करावा लागतो. १२ लिटरचे दोन सिलिंडर २०० बारला भरले, तर आत ४८०० लिटर हवा. लिटरला सुमारे १.२ ग्रॅम धरले तर जवळजवळ पावणेसहा किलो झाले. सुरुवातीला माणूस तेवढा जड असतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे माणूस आणि सामान मिळून १२० किलो असतील तर धरणासारख्या गोड्या पाण्यात सुमारे तीन किलो कमी लागतात. म्हणजे समुद्रात योग्य असलेली स्टीलची पाटी गोड्या पाण्यात जास्त होऊ शकते. कसोटी एकच: हवेची पिशवी फाटली तरी पोहत वर येता आलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, आणि ती आमच्यावर बेतलेली आहे. साठीच्या आसपास आम्ही दोन सिलिंडरच्या साजाचा सराव सुरू केला. त्यात एक कसोटी असते. मानेमागे हात नेऊन सिलिंडरच्या झडपा स्वतः बंद करायच्या. एक रेग्युलेटर वाहायला लागला, तर तेवढ्यानेच उरलेली हवा वाचते. आमचा उजवा खांदा आखडलेला. साज चढवताना त्रास व्हायचा, म्हणून एकाने खांद्याच्या पट्ट्यात झटपट सुटणारं बक्कल बसवून दिलं. छान झालं! साज चढू लागला, आम्ही खूश. मग उथळ पाण्यात सराव करताना झडपेपर्यंत हात पोचेना. बोटं चाचपडत राहिली, जोडीदाराने ती बंद केली. सराव होता म्हणून निभावलं.

त्या दिवशी कळलं, की आम्ही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर विकत घेतलं होतं. खांद्याची अडचण साज चढवताना जाणवत होती, म्हणून तिथे उपाय केला. ती अडचण खरी नडणार होती ती झडपेपाशी. बक्कलने फक्त सूचना बंद झाली. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर लाघव दोन समर्थ पर्यायांतच पाहायचं असतं. जे काम करतच नाही, ते हलकं की जड, हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग उपाय काय? एक तर पट्टा सैल करून, व्यायाम करून हात पोचतो का ते पाहणं. दुसरा, साजाची रचनाच बदलणं. इंग्लंडातल्या गुहांमध्ये अरुंद जागांसाठी सिलिंडर पाठीऐवजी बगलेला बांधायची पद्धत निघाली, तिला साइडमाउंट म्हणतात. त्यात झडपा डोळ्यांसमोर येतात. आणि तिसरा उपाय, न जाणं. आम्ही तिसरा घेतला. हौशी मर्यादेत, एका सिलिंडरवर समाधान मानलं. वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही.

(एका श्रोत्याने विचारलं: म्हणजे झटपट सुटणारं बक्कल सगळ्यांनाच वर्ज्य का?)

नाही. झडपेपर्यंत हात पोचतो आणि फक्त साज उतरवताना खांदा दुखतो, अशा माणसाने धातूचं एक बक्कल एका बाजूला बसवलं, ते वेळोवेळी तपासलं, तर त्याचा निर्णय आम्ही चूक म्हणणार नाही. बेशुद्ध माणसाला साजातून काढायला बक्कल बरं, असंही सांगतात. तिथे जाड कात्रीने पट्टा कापणं हेही उत्तर आहे. आमचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक नव्या वस्तूला विचारा: तू कोणती अडचण सोडवतेस, आणि कोणती झाकतेस? दुकानात नव्हे, हे उथळ पाण्यात, डोळे मिटून, शेजारी जोडीदार ठेवून विचारा. उत्तर हातच देईल.

आणि जाता जाता एक. समोरच्या पाण्यात परवानगीशिवाय आणि जाणकाराशिवाय कुणी उतरू नका. मोह होतो, आम्ही समजू शकतो.