घराच्या ओढीचं मोल

उंचावरून पडून बेशुद्ध झालेली खेड्यातली एक मुलगी बाझेलच्या इस्पितळात शुद्धीवर आली, तर भोवती सगळी परकी माणसं. तिने जेवण टाकलं, औषधं थुंकून दिली. काहीही विचारा, तिचं एकच पालुपद: ‘मला घरी जायचंय.’ अखेर आईवडिलांनी तिला तशाच अशक्त अवस्थेत घरी नेलं आणि थोड्याच दिवसांत ती औषधावाचून बरी झाली. योहानेस होफर याने १६८८ साली बाझेलमध्ये लिहिलेल्या वैद्यकीय प्रबंधात ही हकीगत आहे. जर्मन भाषिक ज्याला ‘हाइमवे’ म्हणत, त्या घरासाठी झुरण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव त्यानेच दिलं.

या दुखण्याशी सर्वांत जास्त नाव जोडलं गेलं ते स्विस भाडोत्री शिपायांचं. डोंगरातल्या गरिबीमुळे ही पोरं परक्या राजांच्या फौजांत चाकरीला जात. निसर्गशास्त्रज्ञ शॉइख्त्सर म्हणे, सखल मुलखातली जड हवा त्यांना सोसत नाही. रोग्याला टेकडीवर किंवा मनोऱ्यात ठेवा. रुसोने १७६८च्या संगीतकोशात लिहून ठेवलंय की गुराख्यांची एक धून या पलटणींत वाजवायला बंदी होती, नाहीतर देहदंड. कारण ती ऐकून शिपाई रडत, पळून जात, मरत. मला हवेच्या दाबापेक्षा हा देहदंडच बोलका वाटतो. मुलीला न्यायला आईवडील आले. करारात अडकलेल्या शिपायाला घरी कोण सोडणार?

मोलकरणींची कथा याहून काळीज पिळवटणारी. तत्त्वज्ञ म्हणून पुढे नावाजलेले कार्ल यास्पर्स यांचा १९०९चा प्रबंध ‘हाइमवे आणि गुन्हा’ याच विषयावर आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी परक्या घरी मुलं सांभाळायला ठेवलेल्या. घरची गरिबी अशी की परत येण्याची सोय नाही. त्यांतल्या काहींनी मालकाच्या घराला आग लावली, काहींनी सांभाळायला दिलेलं तान्हं मूलच मारलं. मूल गेलं की काम संपेल आणि आपल्याला घरी पाठवतील, एवढाच त्यांचा हिशेब. योहाना श्पिरीच्या कादंबरीतली हायडी फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात झुरून झोपेत चालू लागते, तेव्हा डॉक्टर तिला डोंगरात परत धाडतात. खऱ्या हायडींना असा डॉक्टर क्वचितच भेटला.

विसाव्या शतकात पश्चिम जर्मनीने या ओढीचा थेट भावच ठरवला. १९६१च्या करारानंतर कामाला आलेले तुर्की मजूर थोडे पैसे गाठीला बांधून गावी परतणार होते. १९७३ साली भरती बंद झाली. आता गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्यावर अनेकांनी बायकामुलं जर्मनीतच बोलावून घेतली. १९८३च्या कायद्याने बेकार किंवा कमी तासांवर आलेल्या परदेशी मजुरांपुढे १०,५०० मार्क आणि दर मुलामागे १,५०० मार्क ठेवले. अट एकच: कुटुंबासह कायमचं निघून जायचं. बापाला घर मिळालं. पण मुलांचं शिक्षण, मैत्र, भांडणंही जर्मनमध्ये झालेली. तुर्कस्तानातल्या वर्गात त्यांना ‘जर्मनवाले’ म्हणून ओळखत, आणि घर आठवलं की त्यांच्यापुढे उभी राहत होती ती कोलोन-बर्लिनची गल्ली.