क्षार म्हणजे उदासीनच?
आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणून प्रत्येक क्षार उदासीन असणार, ही समजूत कपड्यावरचा हळदीचा डागच खोटी ठरवतो. साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो, ही आम्लारीची खूण, आणि साबण हा तर मेदाम्लांचा सोडियम क्षार! साबणात उरलेल्या कॉस्टिक सोड्यामुळे असं होतं, असं कुणी म्हणेल. मग नुसता धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पाहा, तरीही हळद लाल होतेच. हा सोडा कार्बोनिक आम्लाचा क्षार, आणि ते आम्ल सौम्य असतं. त्याचा कार्बोनेट आयन पाण्यातला हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. मीठ मात्र खरोखर उदासीन, कारण त्यामागचं आम्ल आणि आम्लारी दोन्ही तीव्र. तुरटीचं धुण्याच्या सोड्याच्या नेमकं उलट: तिच्या द्रावणात निळा लिटमस लाल होतो.