आंतरवासिता, वैद्यकीय

वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर, परंतु व्यवसायासाठी कायम नोंदणी मिळण्यापूर्वी, रुग्णालयात व आरोग्यकेंद्रात वरिष्ठांच्या देखरेखीखाली करावयाच्या सक्तीच्या सेवेस आंतरवासिता म्हणतात. या काळात आंतरवासीची नोंदणी तात्पुरती असते. कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीशी तिचे साम्य आहे. तथापि येथे चुकीचे परिणाम रुग्णास भोगावे लागत असल्यामुळे देखरेखीस विशेष महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : काम व अध्ययन यांची सांगड अन्य विद्याशाखांतही घातली गेली. हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात वर्ग व कारखाना यांत आळीपाळीने शिक्षण देण्याची पद्धत सुरू केली. तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांना परदेशात कामाचा अनुभव मिळावा, म्हणून ‘आयएस्टे’ ही आंतरराष्ट्रीय संघटना लंडन येथे १९४८ मध्ये स्थापन झाली. भारतात भोर समितीने (१९४६) प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकातील तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस करून वैद्यकीय शिक्षणाचे लक्ष समाजाकडे वळविले.

स्वरूप : राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार आंतरवासितेचा कालावधी बारा महिन्यांचा असून त्यांतील बारा आठवडे समाजवैद्यकासाठी राखून ठेवलेले आहेत. उरलेला काळ वैद्यक, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग इ. विभागांत क्रमाक्रमाने घालविला जातो. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत या व्यवस्थेस वेगळे परिमाण लाभते. नासिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात घोटीनजीक धामणगाव येथे असे एक वैद्यकीय महाविद्यालय असून ते नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. तालुका भातशेतीचा, अतिपावसाचा व मोठ्या आदिवासी वस्तीचा आहे. अशा मुलखात सर्पदंश, कुपोषण, उशिरा रुग्णालयात येणारी प्रसूती यांसारख्या प्रश्नांना सामोरे जाताना रोग आणि राहणीमान यांचा संबंध प्रत्यक्ष ध्यानी येतो.

आंतरराष्ट्रीय बाजू : परदेशात शिकलेल्या भारतीय पदवीधरांना २०२१ च्या नियमांनुसार तेथील बारा महिन्यांच्या आंतरवासितेखेरीज भारतातही तितकीच आंतरवासिता करावी लागते. कोविडची साथ आणि युक्रेनमधील युद्ध यांमुळे अनेकांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अपुरे राहिले. त्यांतील अंतिम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांना ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळाली, त्यांच्यासाठी भारतातील आंतरवासिता एकाऐवजी दोन वर्षांची ठरविण्यात आली. रुग्णाजवळचा अनुभव दूरस्थ पाठांनी भरून निघत नाही, हे तत्त्व त्यामागे होते.

याउलट परदेशी विद्यार्थी महाराष्ट्रात शिकावयास येतात, याचे उदाहरण जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) हे होय. रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणाऱ्या या कार्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. पुढे तेथील प्रशिक्षण संस्थेत अनेक देशांतील विद्यार्थी येऊ लागले व या सेविकांकडूनही शिकू लागले.

मर्यादा : मनुष्यबळ कमी असलेल्या रुग्णालयांत आंतरवासीकडे नमुने पोहोचविणे, कागदपत्रे भरणे यांसारखी कामे सोपविली जातात. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीमुळे त्याचेही लक्ष विचलित होते. परिणामी प्रमाणपत्रावरील महिने पूर्ण होऊनही कौशल्य अपुरे राहण्याचा धोका संभवतो. विद्यावेतन, कामाच्या तासांची मर्यादा आणि प्रत्येक कौशल्याची दैनंदिनीत प्रमाणित नोंद हे त्यावरील उपाय होत. परंतु शिकविण्यास वेळ देणारा वरिष्ठ उपलब्ध नसेल, तर त्यांचा उपयोग अल्पच ठरतो.