१९८३ : उंच इमारतीतली ओसरी

आधुनिक वास्तुकलेत १९८३ हे वर्ष मुंबईच्या नावावर लिहावे, असे मला वाटते. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांची कंबाला हिलवरची २८ मजली ‘कांचनजंगा’ त्या वर्षी पूर्ण झाली. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा, तोही तिकडूनच. म्हणून खोल्या आत ओढल्या आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडच्या जुन्या माळवदाच्या घरात ओसरी वेगळे काय करते? ऊन उंबऱ्याबाहेर थोपवते. काचेच्या पेट्या उभारायच्या आणि मग यंत्राने थंड करायच्या, या जगभरच्या रिवाजापुढे हे उत्तर शहाणपणाचे होते.

इमारत श्रीमंतांची, हा आक्षेप खराच. पण त्याच सुमारास कोरियांनी नवी मुंबईतल्या बेलापूरची वसाहत आखली: सात-सात घरांमध्ये एक अंगण, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर वाढवावे. पुढे तिथली बरीच घरे पाडून लोकांनी मजले चढवले, तेव्हा प्रयोग फसला, असे म्हणतात. मला ते पटत नाही. वाढण्याची मुभा मूळ आराखड्यानेच दिली होती.