घोड्याचा पाचवा पाय

माझ्या धाकट्या बहिणीची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग हलक्या आवाजात विचारतो, 'काही अडचण आहे का?' अडचण काही नाही. तिनं आणि मेहुण्यांनी मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. त्यावरून कुटुंबात वादळ झालं, अजूनही अधूनमधून होतं. मी मुलांचा मामू. माझं गणित कच्चं आणि इंग्रजी बी.ए.पुरतं, म्हणून माझ्या वाट्याला हातकाम आलं. दर शुक्रवारी नमाजनंतर जेवण झालं, की मिरजेच्या त्या घरात ओसरीवर पसारा मांडायचा. असं दहा वर्षं चाललंय.

सुरुवातीला मला वाटे, मुलांना चित्र काढायला शिकवायचं असतं. पण लहान मूल आपल्या क्रमानंच पुढे जातं. दोन वर्षांचं मूल नुसत्या रेघोट्या मारतं. तीन-चारचं झालं की एक गोल काढून त्यालाच पाय जोडतं. सहा-सातच्या सुमाराला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची पट्टी येते आणि भिंत असूनही घरातली माणसं दिसतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी हा क्रम १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात मांडला. मी तो फार उशिरा वाचला.

उशिरा म्हणायचं कारण असं. भाचा आठ वर्षांचा असताना त्यानं पाच पायांचा घोडा काढला. मी खोडरबर घेऊन एक पाय पुसला. तो म्हणाला, "मामू, तो पळतोय ना!" पळताना पाय जास्त दिसतात, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यानंतर कितीतरी महिने त्यानं पेन्सिल धरली नाही. शाळेत एक मास्तर चुकला तर दुसरे असतात, बाकावर शेजारी हसणारा दोस्त असतो. घरी शिकणाऱ्या मुलापुढे मोठं माणूस एकच, आणि त्याच्या शब्दाचं वजन नको तितकं होतं. घरशिक्षणातला हा धोका कुणी मला आधी सांगितला नव्हता. बहीण काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर सासरच्यांचे सगळे प्रश्न दिसत होते.

मग चित्र बाजूला ठेवलं आणि लगदा केला. आमची आई टोपल्या लिंपायची, तोच. रद्दी फाडून दोन-तीन दिवस भिजवायची, पिळून कुटायची आणि त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची. मेथीनं लगदा चिकट होतो आणि किडीलाही आवडत नाही. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं टाकायचं, वर लगदा पातळ थापायचा. जाड थापला तर आतून वाळत नाही, बुरशी धरते. आमचा पहिला वाडगा असाच वाया गेला. पण तो बुरशीनं बिघडवला, मामूनं नाही. भाच्यानं दुसरा स्वतःहून केला.

भाची तेव्हा अकराची होती. नऊ-दहानंतर मुलांना सगळं 'खऱ्यासारखं' हवं असतं. नजर पुढे जाते, हात मागे राहतो, आणि पुष्कळ मुलं तिथेच चित्र सोडतात. या वयात खरं काम दाखवावं. मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत आम्ही जाऊन बसायचो. पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे तिथे टांगलेले असतात. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून कारागीर भोपळा बघून पुढचं माप धरतो. एकदा तडकलेला भोपळा आम्हाला मिळाला. तिनं नाकाला रुमाल बांधून तो घासला आणि त्याचा मुखवटा केला. नाक वाकडं झालं, ते तिनं दुरुस्त केलं नाही.

आता बांधणी चाललीय. कागद दुमडून घड्या करायच्या, त्या दाभणानं भोकं पाडून एकमेकींना शिवायच्या. कागदालाही रोख असतो. त्या रोखानं दुमडला तर घडी नीट बसते, उलट दुमडला तर वही फुगते. बाइंडर घडीला जुज म्हणतात. कुराणाच्या तीस भागांनाही आम्ही जुजच म्हणतो. हे ऐकून भाच्याला फार गंमत वाटली. बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या हाती देऊ नये. आम्ही नुसती मैद्याची खळ करतो आणि ताजी वापरतो.

भाची आता चौदाची झाली आहे, मुक्त विद्यालयातून दहावीला बसेल. तिथे चित्रकला हा परीक्षेचा विषय आहे, तो तिनं घेतलाय. पेपरात मुखवटा चालत नाही, म्हणून सध्या ती वस्तुचित्राचा सराव करते आणि माझ्यावर चिडते. भाच्यानं माझ्या कवितांसाठी वही शिवून दिली. पहिल्याच आठवड्यात तिची दोन पानं सुटली. येत्या शुक्रवारी ती उसवून पुन्हा शिवायची आहे.