आगवाल्याचा दिवस

‘मोरिया’ म्हटलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. 8 जुलै 1910, मार्सेय बंदर, सावरकरांची उडी. आठवावीच. पण दहा हजार टनांहून मोठी ती बोट कोणाच्या हातांनी पाणी कापत होती, हे आपण विचारत नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या मुंबईच्या टपालबोटींवर अधिकारी गोरे असत. डेकवरचे खलाशी रत्नागिरीपासून काठेवाडपर्यंतच्या किनाऱ्यावरचे, जेवणघरात गोंयकार आणि तळाशी भट्ट्यांपुढे पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले. त्या काळी अशी बोट मुंबईकडे येताना जुलैत तांबड्या समुद्रात शिरली, की आगवाल्याचा दिवस असा जाई.

पहाटे 4. आठ ठोके पडतात, पाळी बदलते. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास काम. लोखंडी शिडीने तो खाली उतरतो. कोळसेवाले कोठारातून कोळसा आणून भट्टीपुढे ओततात. पुढचं काम त्याचं.

भट्टीचं दार क्षणभरच उघडायचं. ते जितका वेळ उघडं, तितकी गार हवा आत आणि तितकी वाफ कमी. कोळशाचा ढीग करून चालत नाही. मनगटाला झटका देऊन तो पार मागच्या टोकापर्यंत पातळ पसरायचा आणि दार लोटायचं. थोड्या वेळाने लांब सळई खुपसून निखारे खालून उचलायचे, म्हणजे जाळीला चिकटलेला खंगर सुटतो. खंगर राहिला की हवा कोंडते, आच मंदावते, दाबाचा काटा उतरतो. एक भट्टी झाली की दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. याला ज्यांनी अडाणी हमाली म्हटलं, त्यांनी फावडं कधी हातात धरलं नव्हतं.

सकाळी 6. वर खलाशी डेक धुवायला घेतात. उकाड्यामुळे रात्री डेकवरच अंथरुणं टाकलेले साहेब उठून आत जातात. थोड्याच वेळात गोंयकार वेटर केबिनीत चहा पोचवतात.

सकाळी 8. पाळी सुटते. आगवाला काजळी धुतो. आगवाल्यांचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी वेगळा, चूलही वेगळी. जेवणात भात, डाळ, कालवण. मग झोप.

दुपार. वारा मागून, बोटीच्याच दिशेने वाहतो आहे. सर्वांत वाईट दिवस तो हाच. हवा घेणाऱ्या नळांची तोंडं कितीही फिरवली तरी खाली झुळूक पोचत नाही. असह्य झालं की कप्तान कधी कधी बोट उलटी फिरवून वाऱ्याला सामोरी उभी करत. तेवढाच चार घटका श्वास. पण टपालाचा करार असे आणि उशिराला दंड असे, म्हणून पुन्हा मुंबईची दिशा धरावीच लागे.

दुपारी 4. वर चहाचे पेले, खाली दुसरी पाळी. भट्ट्यांपुढे पारा 50 अंशांच्या आसपास. कंपन्या सांगत की हिंदी माणसाला उष्णता जात्याच सोसते. हे खोटं आहे. उष्माघाताने माणसं भट्टीपुढे कोसळत. डोकं फिरून कोणी समुद्रात उडी घेत असे. हिंदी आगवाल्याला कामावर घेण्याचं खरं कारण पगार होतं. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात तो मिळत होता.

रात्री 8. आगवाला वर येतो तेव्हा साहेबांचं जेवण चाललेलं असतं. तो उघड्यावर चटई टाकतो. पहाटे चारला पुन्हा शिडी.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश जहाजांवर असे सुमारे 50 हजार हिंदी लोक होते. ज्या ‘पर्शिया’ बोटीने सावरकर 1906 साली विलायतेला गेले, ती 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटजवळ पाणतीराने बुडवली गेली. सव्वातीनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत हिंदी खलाशीही होते. मुंबईत मस्जिद स्टेशनाजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. लोकलने त्या बाजूला गेलात, तर एकदा उतरून ते पाहून या.